प्रार्थना कुणाची?

परवा राजापूरला गेलो होतो. भाच्याच्या शाळेचं स्नेहसंमेलन होतं. सुरुवातीला मुलांनी 'दो आँखें बारह हाथ'मधली प्रार्थना म्हटली आणि सूत्रसंचालन करणारी मुलगी म्हणाली, "ही आपली पारंपरिक प्रार्थना." शेजारच्या खुर्चीतले अण्णामामा एकदम उसळले, "पारंपरिक कसली? वसंत देसायांची चाल आहे ती. आपल्या जिल्ह्यातला माणूस!"

अण्णांच्या हिशेबात जिल्हा अजून एकच आहे. सिंधुदुर्ग १९८१ मध्ये वेगळा झाला, हे त्यांनी मनावर घेतलेलं नाही. देसाई १९१२ चे, जन्म सावंतवाडी संस्थानातला, बालपण कुडाळला. राजापूरहून कणकवलीच्या पुढे गेलं की कुडाळच.

खरं सांगायचं तर मीही ती प्रार्थना शाळेत वर्षानुवर्षं म्हटली, आणि संगीतकार कोण हे कधी विचारलं नाही. घरी आल्यावर मग अण्णांना बोलतं केलं.

देसाई 'प्रभात'मध्ये पडेल ते काम करत वर आले. १९३२ च्या 'अयोध्येचा राजा'त त्यांनी छोटी भूमिका केली, गायलेही. पुढे व्ही. शांतारामांनी 'राजकमल' काढल्यावर 'शकुंतला' (१९४३), 'डॉ. कोटनीस की अमर कहानी', 'अमर भूपाळी', 'झनक झनक पायल बाजे' असे एकामागून एक चित्रपट त्यांनी केले. 'झनक झनक'साठी उस्ताद अमीर खाँ गायले, 'गूँज उठी शहनाई'त (१९५९) बिस्मिल्ला खाँची सनई वाजली. म्हणजे शास्त्रीय संगीतातली मोठमोठी माणसं हा गृहस्थ सिनेमात घेऊन आला.

पण मला अडकवलं ते वेगळ्याच गोष्टीने. 'दो आँखें बारह हाथ' १९५७ चा. कैद्यांना भिंतीबाहेर ठेवून माणसात आणणाऱ्या जेलरची गोष्ट. औंध संस्थानातल्या स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगावरून सुचलेली. शब्द भरत व्यासांचे, आवाज लताबाईंचा, आणि चाल भैरवीत! आपल्याकडे भजनाचा शेवट भैरवीने होतो, आणि शाळेतली पोरं सकाळी त्याच रागाने दिवस सुरू करतात. ना हरकती, ना ताना. सुरात नसलेलं पोरही चारचौघांत खपून जातं. (मी खपलो.)

दुसरी प्रार्थना 'गुड्डी'तली (१९७१). गुलजार यांचे शब्द, वाणी जयराम यांचा आवाज, राग केदार. ती सिनेमातल्या शाळेसाठीच केलेली, आणि तिथून उठून खऱ्या शाळांत गेली. 'श्यामची आई'मधलं छडीचं गाणंही देसायांचंच बरं का, ते मात्र मास्तर नसताना म्हणायचं! चीनच्या युद्धानंतर 'छोटा जवान'मध्ये (१९६३) त्यांनी गदिमांचं समरगीत स्वरबद्ध केलं, तेही शाळाशाळांतून घुमलं. हजारो मुलांना एकत्र गायला लावण्याचा त्यांना नादच होता.

आणि तिसरी प्रार्थना थेट न्यूयॉर्कला गेली. ऑक्टोबर १९६६ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघात एम. एस. सुब्बुलक्ष्मींनी कांचीच्या शंकराचार्यांनी रचलेलं संस्कृत मैत्रीस्तोत्र म्हटलं. चाल कुडाळच्या माणसाची!

२२ डिसेंबर १९७५ ला मुंबईत लिफ्टच्या अपघातात देसाई गेले. वय त्रेसष्ट. अण्णांना ती बातमी अजून आठवते. ते सांगताना जरा थांबले, मग आत जाऊन पाणी पिऊन आले.

आता कुणी म्हणेल, चाल लोकांची झाली, नाव विसरलं, यापेक्षा संगीतकाराला काय हवं? मला नाही पटत. शब्द कुणाचे हे आपण मुलांना सांगतो, मग चाल काय झाडावर लागते?

संमेलन संपल्यावर अण्णांनी त्या मुलीला गाठलंच होतं. तिने बिचारीने निमूटपणे कागदाच्या मागे नाव लिहून घेतलं आणि विचारलं, "आजोबा, पहिलं गाणंच ना? की दुसरं?"

"दोन्ही लिही," अण्णा म्हणाले. दुसरं 'गुड्डी'चंच होतं.