रानभाजी खाताय? आधी मावळातली जुनी पथ्यं समजून घ्या

पावसाळ्यात लोणावळ्याहून परतताना कामशेत-वडगावच्या बाजारात तुम्ही कधी थांबला असालच. टोपलीत टाकळा, कुर्डू, भारंगी, करटोली, आणि पाऊस तोंडावर असताना शेवळंही. शेवळाची जुडी घेतली, की विकणारी मावशी सोबत काकडाची हिरवी, आंबट फळं देते आणि बजावते, "ही टाकल्याशिवाय करू नका बरं." आपण मान डोलावतो आणि घरी येऊन विसरतो. रात्री घसा खाजतो, जीभ टोचते, ओठ सुजतात, मग डॉक्टरांना फोन येतो.

त्या मावशीचं वाक्य म्हणजे जुना आरोग्यसल्ला आहे. त्यामागचा इतिहास आज पाहू.

भुकेच्या दिवसांतलं ज्ञान

आंदर, नाणे आणि पवन मावळात पाऊस उदंड, पण जेमतेम भाताचं एक पीक. आषाढात कणगी रिकामी व्हायची. ठाकर, कातकरी, महादेव कोळी आणि गरीब कुणबी घरांचे हे दिवस रानावर निघत. आज आपण हौसेने खातो ती रानभाजी तेव्हा पोटाची गरज होती.

दुष्काळात तर हे ज्ञान जिवावरचं ठरे. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर, १८८६ मध्ये, डॉ. जे. सी. लिस्बोआ यांचा मुंबई इलाख्यातल्या उपयुक्त वनस्पतींवरचा ग्रंथ आला. लिस्बोआ मूळचे गोव्याचे, पेशाने डॉक्टर. पुढे १८९९-१९०० च्या दुष्काळानंतर, १९०२ मध्ये, जी. ए. गॅमी यांनी टंचाईत लोक कोणत्या वनस्पती खातात यावर स्वतंत्र टिपण प्रसिद्ध केलं. पण कागदावर येण्याच्या कितीतरी आधीपासून हे ज्ञान चुलीपाशी, सासूकडून सुनेकडे जात होतं.

चुलीवरचं रसायनशास्त्र

शेवळात, अळूत असतात तसे, कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. ते तोंडाच्या त्वचेत घुसतात आणि त्यांच्यासोबतची दाहक द्रव्यं आग वाढवतात. म्हणून शेवळाच्या आतला पिवळा दाणेदार भाग काढायचा, काकड किंवा चिंच घालायची आणि भाजी भरपूर शिजवायची. आंबटाने खाज कमी होते, हा पिढ्यांचा अनुभव आहे.

कडू करांद्याचं पथ्य आणखी कडक. त्यात यकृताला अपाय करू शकणारी द्रव्यं असतात. चकत्या करून राखेच्या पाण्यात उकळायच्या, ते पाणी फेकायचं, पुन्हा उकळायचं, वाहत्या पाण्यात धुवायचं. कडवटपणा राहिला तर खायचं नाही.

हे काही आपल्याकडेच नाही. फिनलंडमध्ये 'कोर्वासिएनी' नावाची विषारी अळंबी आवडीने खातात. ती भरपूर पाण्यात दोनदा उकळून, दर वेळी पाणी फेकून, धुऊनच खायची. विक्रेत्याने ही कृती गिऱ्हाइकाला द्यायचीच, असा तिथे नियम आहे. गरोदर स्त्रिया आणि मुलांनी ती खाऊ नये, असंही तिथे सांगितलं जातं.

साखळी कुठे तुटली?

पूर्वी खुडणारी, निवडणारी आणि रांधणारी बाई एकच असे. आता खुडते ती गावात, रांधतो आपण शहरात. भाजी हातात येते, कृती मात्र वाटेत हरवते. त्यात काही जण ट्रेकला जाऊन फोनवरच्या फोटोवरून स्वतःच कंद उपटतात. कळलावी पावसाळ्यातच फुलते. नांगरासारख्या कंदामुळे तिला संस्कृतात 'लांगली' म्हणतात. हा कंद खाण्याचा समजून खाल्ल्याने मृत्यू झालेले आहेत. त्यातल्या कोल्चिसिनमुळे काही तासांत पटकीसारख्या उलट्या-जुलाब होतात आणि पुढच्या दिवसांत रक्तपेशी घटतात.

अळंबीचंही तसंच. चांदीचं नाणं किंवा लसूण काळा पडतो का, ही परीक्षा खोटी आहे. खाल्ल्यावर सहा तासांनी किंवा उशिरा उलट्या सुरू झाल्या तर धोका जास्त. मध्ये बरं वाटतं, पण यकृत आतून निकामी होत असू शकतं.

खेकडे ओढ्यातले असोत वा शेतातले, पूर्ण शिजवा. अर्धकच्च्या खेकड्यांतून फुप्फुसात जाणारा चपटा कृमी मणिपूरमध्ये आढळतो, आणि त्याचा खोकला क्षयासारखा वाटतो. रानडुकराचं मटण कुणी 'गुपचूप' देऊ केलं तर नको म्हणा. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने विनापरवाना शिकार गुन्हा आहे, आणि अशा चोरट्या मांसाची तपासणी कुणीच केलेली नसते.

लक्षात ठेवा

- भाजी घेताना विकणारीला विचारा: काय काढायचं, काय घालायचं, पाणी फेकायचं का?
- स्वतः ओळखून कंद किंवा अळंबी खाऊ नका.
- नवी भाजी पहिल्यांदा थोडीच खा. लहान मुलं, गरोदर स्त्रिया आणि मूत्रपिंडाचे रुग्ण यांनी जास्त जपावं.
- त्रास झाला तर उलटी करवू नका. खाल्ल्याची वेळ लिहून ठेवा, उरलेली वनस्पती सोबत घ्या आणि थेट रुग्णालयात जा.

पुढच्या वेळी मावशी काकडाची फळं देईल तेव्हा पिशवीत नुसती टाकू नका. दोन मिनिटं थांबून कृती पूर्ण ऐकून घ्या.