वस्तीचा इतिहास कोणी लिहायचा?

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातील कामगारांची मुले माझ्याकडे इतिहास शिकतात. अंबरनाथचे शिवालय शिलाहारांच्या राजवटीतले, शिलालेख शके ९८२ चा, हे त्यांना पाठ असते. कल्याणच्या लष्करी छावणीत १९४७ नंतर सिंधी निर्वासित आले आणि १९४९ साली तिचे उल्हासनगर झाले, हेही ठाऊक असते. पण अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत, विमकोच्या आगपेटी कारखान्यात राबायला आपली माणसे आली ती दुष्काळाने की गावकीची कामे नाकारून, हे विचारले की वर्ग गप्प होतो.

अमेरिकेत गुलामगिरीनंतर काळ्यांसाठी निघालेल्या महाविद्यालयांपुढेही हाच पेच होता. गोरे पंडित मळेवाल्यांच्या वह्या प्रमाण मानीत; गुलामाची साक्ष त्यांच्या लेखी पुरावाच नव्हे! १९२९ च्या सुमारास लुइझियानातील सदर्न विद्यापीठात जॉन केड या प्राध्यापकाने विद्यार्थ्यांनाच गुलामी भोगलेल्या म्हाताऱ्यांकडे धाडले. ८२ मुलाखती जमल्या. त्यांवरचा लेख १९३५ साली कार्टर वुडसन यांनी काढलेल्या इतिहासविषयक नियतकालिकात आला.

बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापली. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ, १९५० साली औरंगाबादेत पुढे मिलिंद म्हणून गाजलेले महाविद्यालय काढले. त्यांनी आपल्याला लेखक दिले. इतिहासाची साधने गोळा करण्याचे काम मात्र, माझ्या मते, बरेचसे वर्गाबाहेरच झाले. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी चळवळीतल्या बायांना गाठून ‘आम्हीही इतिहास घडवला’ सिद्ध केले, ते १९८९ साली.

म्हणून मी मुलांना वही घेऊन घरीच पाठवतो. एकीची आजी म्हणाली, “आमचं काय लिवतीस बाय? आमी काय राजं हाय?” मग तिनेच रात्रपाळीचे सगळे सांगितले. दुसऱ्या एकाच्या वडिलांनी बजावले, गावाचे नाव लिहू नकोस. जात कळू नये म्हणून कारखान्यात त्यांनी ते जन्मभर दडवले होते. मी नाव खोडले. पुरावा लंगडा झाला म्हणणारे खुशाल म्हणोत; ज्याने झळ सोसली त्याला विचारल्यावाचून चव्हाट्यावर आणायचा हक्क इतिहासकाराला कोणी दिला?

वहीची एक प्रत त्या घरी राहते, दुसरी बुद्धविहाराच्या कपाटात. पगाराच्या चिठ्ठ्या, युनियनच्या पावत्या, १९५६ च्या दीक्षेला गेलेल्यांचे फोटो अजून पलंगाखालच्या ट्रंकांत आहेत. २६ जुलै २००५ ला उल्हास नदी बदलापुरात घराघरांत शिरली होती. यंदा पावसाआधी पहिली खेप तिथलीच.