लॉस एंजेलिसच्या डोक्यावरचा रस्ता

आज इतिहासच सांगणार आहे, पण त्यात शिरायचंय सिम्युलेटरच्या दारातून. तुमच्यापैकी बरेच जण फ्लाइट सिम्युलेटर खेळता आणि एक प्रश्न सारखा येतो. छोटं सेसना घेऊन मोठ्या शहरावरून नकाशा आणि खिडकी बघत जायचंय, मधे जगातला एक अतिगर्दीचा विमानतळ आहे, तर वळसा किती मोठा घालायचा?

उदाहरणासाठी लॉस एंजेलिस घेऊ. उत्तरेला व्हॅन नायस, दक्षिणेला टॉरन्स आणि मधोमध एलएएक्स. इथलं उत्तर जरा विचित्र आहे: वळसा घालायचाच नाही, थेट एलएएक्सच्या धावपट्ट्यांच्या डोक्यावरून जायचं. तेही कंट्रोलरची परवानगी न मागता!

हे असं का, ते समजायला थोडं मागे जावं लागेल.

३० जून १९५६. लॉस एंजेलिसहून तीन मिनिटांच्या अंतराने दोन प्रवासी विमानं निघाली. टीडब्ल्यूएचं सुपर कॉन्स्टेलेशन कॅन्सस सिटीला आणि युनायटेडचं डीसी-७ शिकागोला. टीडब्ल्यूएच्या वैमानिकाने २१ हजार फुटांची उंची मागितली. ती नाकारली गेली, कारण युनायटेड त्याच उंचीवर होतं. मग त्याने ढगांच्या माथ्यापासून हजार फूट वर राहण्याची परवानगी मागितली आणि ती मिळाली. म्हणजे इथून पुढे समोरचं विमान बघून चुकवायची जबाबदारी त्याची स्वतःची. ढगांचे माथे उंच होते, त्यामुळे तो शेवटी २१ हजारांवरच पोचला. ग्रँड कॅन्यनवर दोन्ही विमानं एकमेकांवर आदळली आणि सगळेच्या सगळे १२८ जण गेले.

तिथे त्यांच्यावर रडारची नजर नव्हती. 'बघा आणि चुकवा' हा तेव्हाचा मूळ नियम. प्रोपेलरची विमानं सावकाश उडत होती तोवर तो चालून गेला. पण दोन वेगवान विमानं जवळ येताना वैमानिकाला दिसतो तो फक्त एक ठिपका, आणि टक्कर होणार असेल तर तो ठिपका काचेवर जागचा हलतच नाही. हलणारी वस्तू डोळा पटकन टिपतो, स्थिर वस्तू निसटते. म्हणजे ज्या विमानापासून सगळ्यात जास्त धोका, तेच दिसायला सगळ्यात अवघड. हे एवढं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९५८ साली अमेरिकेत नवा कायदा आला आणि आकाशाची जबाबदारी एकाच संस्थेकडे गेली, ती म्हणजे आजची एफएए. १९६० च्या डिसेंबरात न्यूयॉर्कवर पुन्हा दोन विमानं आदळली, जमिनीवरचे धरून १३४ बळी. १९७० पासून मोठ्या विमानतळांभोवती खास हद्दी आखायला सुरुवात झाली. तेव्हाचं नाव टीसीए, १९९३ पासून क्लास बी.

या हद्दीचा आकार इंग्रजी पुस्तकं उलट्या केकसारखा सांगतात. मला विचाराल तर आपली बारव आठवा. वरती ऐसपैस, आणि पायऱ्या-पायऱ्यांनी खाली येत तळाशी अरुंद. तळाशी पाण्याच्या जागी विमानतळ. मोठी विमानं या पायऱ्यांच्या आत उतरतात आणि चढतात. छोट्या विमानाने पायरीच्या खालून, बाहेरून जायचं. आत यायचं तर आधी स्पष्ट परवानगी हवी. सिममध्ये नकाशावर निळ्या रेषा आणि शेजारी अपूर्णांकासारखे आकडे दिसतात ना, तो त्या पायरीचा वरचा आणि खालचा काठ, शेकडा फुटांत. शंभराखाली साठ म्हणजे दहा हजारांपासून सहा हजारांपर्यंत.

आता सप्टेंबर १९७८, सॅन डिएगो. पीएसए कंपनीचं बोइंग ७२७ उतरायला येत होतं. पुढे एक सेसना १७२, त्यात सराव करणारा वैमानिक आणि प्रशिक्षक. कंट्रोलरने बोइंगला सेसनाबद्दल सांगितलं. 'दिसतंय' असं उत्तर आलं. नंतर ते बोइंगवाल्यांच्या नजरेआड झालं, पण 'आता दिसत नाही' हे कंट्रोलरला समजेल अशा स्पष्ट शब्दांत कुणी बोललं नाही. कंट्रोल रूममध्ये धोक्याची सूचनाही वाजली होती. वैमानिकाला विमान दिसतंय, या समजुतीवर ती सोडून दिली गेली. १४४ माणसं गेली. लख्ख उजेडात, स्वच्छ हवेत!

आणि मग ३१ ऑगस्ट १९८६, सेरिटोस. माझ्या मते आजच्या नियमांवर सर्वात खोल ठसा याच अपघाताचा आहे. टॉरन्सहून एक छोटं पायपर निघालं, बिग बेअरच्या दिशेने. एरोमेक्सिकोचं डीसी-९ एलएएक्सला उतरायला येत होतं. दोघं आदळले ते साधारण साडेसहा हजार फुटांवर. त्या जागी टीसीएची पायरी सहा हजारांवर सुरू व्हायची. म्हणजे पायपर परवानगीशिवाय जेमतेम पाचशे फूट आत शिरलं होतं. त्याच्या ट्रान्सपॉन्डरमध्ये उंची कळवायची सोय नव्हती, त्यामुळे रडारला तो ठिपका किती उंचीवर आहे हे कळणं शक्य नव्हतं. त्याच सुमारास तो कंट्रोलर विनापरवानगी आत आलेल्या दुसऱ्याच एका छोट्या विमानाशी बोलण्यात अडकला होता. चौकशीत दिसलं की दोघांपैकी कुणीही शेवटच्या क्षणी वळायचा प्रयत्न केला नव्हता. तो न हलणारा ठिपका! विमानांतले ६७ आणि खाली घरांमधले १५, एकूण ८२ बळी.

यानंतर मोठ्या विमानतळांच्या ३० नॉटिकल मैलांच्या परिसरात उंची कळवणारा ट्रान्सपॉन्डर सक्तीचा झाला, आणि मोठ्या प्रवासी विमानांना टक्कर टाळणारं टीकॅस यंत्र. (आपल्याकडे टीकॅसची सक्ती १९९६ च्या चरखी दादरीनंतर आली. तिथे ३४९ माणसं गेली होती.)

एलएएक्सवरून छोट्या विमानांना जायला तेव्हाही एक मोकळा पट्टा होता. १९८७ मध्ये एफएएने तो बंद केला. छोट्या विमानांचे वैमानिक भडकले, आणि त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. पट्टा बंद केलात तर हीच विमानं कडेकडेने, पायऱ्यांच्या खाली दाटीवाटीने जाणार. तिथली गर्दी कोण बघणार? शेवटी कडक नियम लावून पट्टा पुन्हा उघडला. आज त्याचं नाव लॉस एंजेलिस स्पेशल फ्लाइट रूल्स एरिया.

आता आपल्या फ्लाइटची आखणी करू, म्हणजे प्रत्येक नियम कुठून आला ते कळेल.

विमानतळाच्या डोक्यावरूनच का? एलएएक्सच्या चारही धावपट्ट्या पूर्व-पश्चिम आहेत. नेहमीच्या वाऱ्यात विमानं पूर्वेकडून उतरत येतात आणि पश्चिमेला समुद्रावर चढत जातात. बाजूला कुठेही गेलात तरी त्यांच्या चढ-उताराच्या वाटेत याल. पण बरोब्बर धावपट्ट्यांवर ती जमिनीवर किंवा जमिनीलगत असतात. तिथे साडेतीन हजार फुटांवर तुम्हाला कुणी भेटत नाही. कागदावर भयंकर वाटणारी जागा सगळ्यात रिकामी निघते. हे ज्याने पहिल्यांदा ओळखलं त्याला माझा सलाम.

रस्ता म्हणजे सान्ता मोनिका व्हीओआरचा १३२ अंशांचा रेडियल. व्हॅन नायसहून निघून डोंगर ओलांडा, पट्ट्यात शिरायच्या आधीच रेडियल पकडा आणि उंची पक्की करा. आग्नेयेला जाताना ३,५०० फूट, वायव्येला येताना ४,५००. समोरासमोर येणाऱ्यांमध्ये फक्त हजार फूट, म्हणून अल्टिमीटर आधी स्थानिक दाबावर लावून घ्या. सिममध्ये खरं हवामान चालू असेल तर ही पायरी गाळली की तुमचे ३,५०० दुसऱ्याचे ३,५०० राहत नाहीत.

ट्रान्सपॉन्डरवर १२०१. नेहमीचा कोड १२००. हा एकाचा फरक कंट्रोलरला सांगतो की हा ठिपका पट्ट्यातला आहे, स्वतःचं बघतोय. वेग १४० नॉट्सच्या आत, लाइट चालू, जेट विमानांना बंदी. आणि रेडिओ १२८.५५ वर. तिथे उत्तर द्यायला कंट्रोलर नसतो, वैमानिक आपसांत सांगतात: मी कोण, कुठे, किती उंचीवर, कुठे निघालोय. सॅन डिएगोला जे बोलायचं राहून गेलं, ते इथे प्रत्येकाने मोठ्याने बोलायचं.

सगळा प्रवास पाच-सहा मिनिटांचा. म्हणून तयारी जमिनीवरच उरकायची. पट्ट्यात शिरल्यावर फ्रिक्वेन्सी शोधत बसलात तर बाहेर कोण बघणार? व्हॅटसिमवर उडत असाल तर आणखीच, कारण २००१ पासून चालणाऱ्या त्या नेटवर्कवर समोरचा आवाज खऱ्या माणसाचा असतो आणि पट्ट्यातलं दुसरं विमानही कुणीतरी खरंच चालवत असतं. पॉझचं बटण तिथे उपयोगाचं नाही.

दक्षिणेला पट्टा संपला की आधी खात्री करा की बाहेर पडलात, मगच उंची सोडा. पुढे लगेच हॉथॉर्न आणि टॉरन्सच्या हद्दी आहेत, तेव्हा टॉरन्सच्या टॉवरला वेळेत हाक मारा. उजवीकडे समुद्र दिसेल, समोर पालोस व्हर्डेसचे डोंगर. सेरिटोसचं पायपर १९८६ मध्ये याच टॉरन्सच्या धावपट्टीवरून उडालं होतं.