नांबू पिस्तूल : बग नेमका कुठे होता?

मंडळी, दुसऱ्या महायुद्धातलं सगळ्यात बदनाम पिस्तूल कुठलं असं विचारलं, तर जपानी 'नांबू'चं नाव हमखास निघतं. चाप ओढला की नुसतं टक् वाजतं, गोळी अडकते, ऐन वेळी दगा देतं... वगैरे वगैरे. मला शस्त्रांचं वेड नाही (खरं पिस्तूल हातात धरायचा योग आलेला नाही आणि यावा अशी इच्छाही नाही). पण आठवडाभर दुसऱ्यांचे बग निस्तरणाऱ्या माणसाला "नांबू भंगार आहे" हे वाक्य क्लायंटच्या "तुमचं सॉफ्टवेअर चालत नाही"सारखं वाटतं. अरे बाबा, म्हणजे नक्की काय होतं? कधी होतं? कुणाच्या मशीनवर?

आधी थोडी ओळख. किजिरो नांबू हे जपानी लष्करातले शस्त्ररचनाकार, पुढे लेफ्टनंट जनरल झाले. त्यांचं पहिलं पिस्तूल १९०२ चं. ते महाग होतं, बनवायला किचकट होतं. म्हणून त्यातलं बरंच काही सोपं करून १९२५ मध्ये जे स्वीकारलं गेलं ते 'टाइप १४'. हे १४ म्हणजे तैशो सम्राटाच्या कारकिर्दीचं १४ वं वर्ष. पुढे १९३४ मध्ये 'टाइप ९४' आलं, त्यातले ९४ मात्र जपानच्या पारंपरिक कालगणनेतल्या २५९४ सालाचे! आणि पिस्तुलावर कारखान्याचा शिक्का '१६.५' असा दिसला तर तो शोवा सम्राटाच्या १६ व्या वर्षाचा पाचवा महिना, म्हणजे मे १९४१. एकाच सैन्यात तीन डेट फॉरमॅट. वायटूके वाल्यांनो, रडा.

आता पहिला बग : टक् वाजतं पण गोळी सुटत नाही.

टाइप १४ ला बाहेर दिसणारा हॅमर नाही. बोल्टच्या पोटात एक लांब पिन आणि तिच्यामागे स्प्रिंग. चाप ओढला की स्प्रिंग पिनेला पुढे ढकलते, पिन काडतुसाच्या बुडावरच्या प्रायमरवर आपटते आणि बार उडतो. सगळी मदार त्या एका स्प्रिंगवर. ती वापरून वापरून ढिली पडली की ठोसा हलका बसतो, प्रायमरवर नुसता खळगा पडतो आणि काडतूस थंडच राहतं. हे लष्करालाही ठाऊक होतं. पुरावा? पिस्तुलाच्या चामडी म्यानातच जादा फायरिंग पिन ठेवायला छोटासा कप्पा शिवलेला असे. आपल्या भाषेत सांगायचं तर 'नोन इश्यू' म्हणून यूजर मॅन्युअलमध्ये वर्कअराउंड छापून मोकळे!

यात गंमत नाही, कारण हलका ठोसा बसला तर पुढे काय करायचं बघा. समोरच्या ब्रिटिश किंवा हिंदी अधिकाऱ्याकडे बहुतेकदा वेब्ली किंवा एनफिल्डचं रिव्हॉल्व्हर. त्याची गोळी फुसकी निघाली तर त्याने पुन्हा चाप ओढायचा, पुढचं काडतूस आपोआप समोर येतं. नांबूवाल्याला दुसऱ्या हाताने मागची मूठ धरून बोल्ट खेचावा लागणार, तेव्हा फुसकं काडतूस बाहेर पडणार आणि नवं आत जाणार. मार्च १९४४ मध्ये मणिपूरजवळ सांगशाकला जपानी सैन्याशी लढलेल्यांत आपले मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवानही होते. तिथल्यासारख्या हातघाईच्या लढाईत तो एक सेकंद केवढा मोठा असेल! शिवाय जपानी अधिकाऱ्यांना पिस्तूल स्वतःच्या पैशाने घ्यावं लागे. पगारातून घेतलेली वस्तू, आणि वर ही तऱ्हा.

दुसरा बग मला जास्त आवडतो, कारण तो पॅचमधून आलेला आहे.

जपानने १९३१ मध्ये मांचुरिया घेतला. तिथली थंडी उणे ३० च्या आसपास जाणारी, सैनिकांच्या हातात जाड मोजे. मोजे घातलेलं बोट चापाभोवतीच्या कड्यात शिरेना. मग १९३९ च्या सुमारास ते कडं मोठं केलं. छान, साधा फिक्स. जवळपास त्याच काळात मॅगझिन पक्कं बसावं म्हणून मुठीच्या पुढच्या बाजूला एक पट्टीची स्प्रिंग बसवली. हाही फिक्स वरवर छानच.

पण मूळ डिझाइनमध्ये एक गोष्ट आधीपासून होती. आठवी आणि शेवटची गोळी झाडली की बोल्ट मागे अडकून राहतो, आणि त्याला अडवून धरतं ते मॅगझिनमधलंच गोळ्या वर ढकलणारं तुकडं. वेगळा अडसर नाही. म्हणजे रिकामं मॅगझिन ओढताना बोल्टच्या दोन्ही स्प्रिंगांचा जोर त्याच्यावर असतो. त्यात आता ही नवी पट्टीही त्याला धरून बसली. हात ओले किंवा गारठलेले असतील तर मॅगझिन निघता निघत नाही. निघालं की बोल्ट खाडकन पुढे जातो, नवं मॅगझिन घातल्यावर तो पुन्हा हाताने खेचायचा. मॅगझिन पडण्याची तक्रार बंद, मॅगझिन न निघण्याची तक्रार सुरू. रिग्रेशन टेस्टिंग कुणी केलं होतं की नाही देव जाणे. माझ्या मते इथे दोष पट्टीचा नाहीच. एकाच भागाला दोन कामं दिली, तिथे तो आहे.

तिसरा बग खरं तर पिस्तुलाचा नव्हेच. १९४५ मध्ये जपान शरण आला आणि ढिगाऱ्याने पिस्तुलं जमा झाली. अमेरिकन सैनिकांनी ती आठवण म्हणून घरी नेली. मॅगझिनवर पिस्तुलाचाच नंबर ठोकलेला असे, पण ढिगातून उचलताना कोण नंबर जुळवतंय? याचं मॅगझिन त्याला. स्प्रिंगा दहा-पंधरा वर्षं ताणलेल्या. ८ मिलिमीटरचं नांबू काडतूस जपानबाहेर फारसं कुणी वापरत नव्हतं, त्यामुळे एकतर युद्धातलीच जुनाट काडतुसं किंवा दुसऱ्या काडतुसांची पितळी कवचं कापून घरी बनवलेली. असं पिस्तूल अडखळलं की शिक्का तयार : जपानी माल भंगार!

वास्तविक तपासायला सोपं आहे. न उडालेल्या काडतुसाचं बूड बघा. खळगा उथळ असेल तर स्प्रिंग किंवा पिन. खोल असेल तर पिस्तुलाने आपलं काम केलंय, काडतूसच मेलेलं आहे. आणि गोळी चेंबरच्या तोंडाशी खाली मान घालून अडकत असेल तर आधी मॅगझिनकडे बघायचं : त्याची स्प्रिंग, त्याचे वरचे ओठ. तीन लक्षणं, तीन वेगळी कारणं. लोकांनी मात्र सगळी एकाच तिकिटात कोंबली.

अर्थात नांबूला निर्दोष ठरवायचं नाहीये मला. सेफ्टीचा खटका अर्धा वर्तुळ फिरवावा लागतो आणि पिस्तूल धरलेल्या हाताचा अंगठा तिथे पोचत नाही, याला काय म्हणावं? गोळीही दुबळी, अमेरिकनांच्या पॉइंट फॉर्टी-फाइव्हच्या निम्म्याहून कमी वजनाची. युद्धाच्या शेवटी तर कामही घाईचं झालं, लाकडी मुठीवरच्या खाचा गेल्या, पॉलिश गेलं.

पण धरायला ते चांगलं होतं, अगदी निंदा करणारेही हे मान्य करतात. युद्ध संपता संपता बिल रूगर नावाच्या अमेरिकन माणसाने परतलेल्या एका मरीनकडून नांबू विकत घेतलं आणि आपल्या गॅरेजमध्ये छोट्या नांबूच्या दोन नकला करून पाहिल्या. त्या विकायच्या भानगडीत तो पडला नाही. मात्र नळीसारख्या आवरणात मागेपुढे सरकणारा बोल्ट आणि मुठीचा तो तिरका कोन त्याने उचलला, आणि १९४९ मध्ये पॉइंट ट्वेंटी-टूचं एक स्वस्त पिस्तूल काढलं. कंपनी त्यावरच उभी राहिली. त्याच वर्षी तिकडे जपानमध्ये किजिरो नांबू वारले.