तेलाचे बुधले आणि गडाची कोठी

पेडणे व डिचोली हे महाल 1781 ते 1788 या काळात अखेर पोर्तुगीज अमलाखाली गेले. तत्पूर्वी सावंतवाडीकर भोसल्यांच्या या मुलखात तेरेखोल आणि हळर्णचे दुर्ग उभे होते. अशा दुर्गांना दारूगोळ्याइतकीच तेलाची निकड असे, कारण रात्रीच्या पहाऱ्याचे दिवे, दरवाजांच्या बिजागऱ्या आणि खाडीतील होड्यांचे लाकूड हे सारे त्यावरच अवलंबून. कोकणपट्टीत तेल नारळाच्या खोबऱ्यातून आणि उंडीच्या बियांतून लाकडी घाण्यावर निघे व चामड्याच्या बुधल्यांतून वाहिले जाई. मराठी गडांच्या व्यवस्थेत हवालदाराकडे किल्ल्या, सबनिसाकडे हिशेब आणि कारखानिसाकडे कोठी अशी अधिकारांची विभागणी असे; माल देणाऱ्याचा संबंध मोजमापापुरताच राहावा, हे सुरक्षिततेचे सूत्र मला अत्यंत विचारपूर्वक योजलेले वाटते. 1746 मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने हळर्णचा दुर्ग, म्हणजेच पोर्तुगिजांचा आलोर्णा, जिंकला आणि पुढे त्याच नावाने त्याला मार्क्विस हा किताब लाभला. मात्र घाणा ओढणाऱ्या तेल्याचे नाव इतिहासाने जपले नाही, याची खंत वाटते. निशाण बदलले, तरी नव्या शिबंदीलाही दिव्यांसाठी याच गावांच्या माडांकडे पाहावे लागले असणार.