वरणातील बाह्लीक

एखाद्याची कुणीच दखल घेत नसेल, तर ‘त्याला कुणी हिंग लावूनसुद्धा विचारत नाही’ असे आपण म्हणतो. या वाक्प्रचारात उपेक्षा होते ती त्या माणसाची. परंतु खरी उपेक्षा हिंगाच्याच वाट्याला आली आहे, असे म्हणावेसे वाटते. वरण, कढी, लोणचे, उडदाचे पापड यांपैकी काहीही त्याच्यावाचून पुरे होत नाही. तान्ह्या मुलाचे पोट फुगले की बेंबीभोवती त्याचाच लेप लावला जातो. तरीही हा पदार्थ कुठला, हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. इतकी जवळीक झाली की चौकशी थांबते.

हिंग हा एका झाडाचा वाळलेला चीक होय. गाजर, जिरे, कोथिंबीर यांच्याच कुळातील हे झाड इराण, अफगाणिस्तान आणि मध्य आशियातील थंड, कोरड्या डोंगरउतारांवर वाढते. ते काही वर्षांचे झाले की त्याच्या जाड मुळाचा माथा उघडा करून चिरतात. पाझरलेला पांढरा चीक हवेने तांबूस होऊन घट्ट होतो, तो खरवडून घेतात आणि पुन्हा ताजी चीर देतात. असे कित्येक आठवडे चालते. आपल्या डबीतील पूड म्हणजे तो शुद्ध चीक नव्हे. पीठ आणि डिंक मिसळून त्याची उग्रता सौम्य केलेली असते.

आपल्या पूर्वजांना मात्र हिंगाचे गाव चांगले ठाऊक होते. अमरकोशात हिंगाला जे पर्याय दिले आहेत, त्यांत ‘बाह्लीक’ आणि ‘रामठ’ ही दोन नावे आहेत. बाह्लीक म्हणजे आजच्या उत्तर अफगाणिस्तानातील बल्खचा प्रदेश, आणि रामठ हे वायव्येकडील एका लोकसमूहाचे नाव. म्हणजे वस्तूबरोबर तिचा पत्ताही भाषेत आला आणि कोशात सन्मानाने बसला. चरकसंहितेत दीपन आणि वातशमन करणाऱ्या द्रव्यांत हिंगाच्या निर्यासाला अग्रस्थान दिले आहे. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने रचलेल्या ‘मानसोल्लासा’तील पाककृतींमध्येही हिंग आहे. परदेशी म्हणून त्याच्याकडे कुणी नाक मुरडल्याचे दिसत नाही. मुरडले असलेच तर वासामुळे!

नाक मुरडले ते युरोपीयांनी. गंमत अशी की त्यांचेच पूर्वज एकेकाळी अशाच एका चिकासाठी वेडे झाले होते. उत्तर आफ्रिकेतील सायरीनी येथे होणारी सिल्फियम नावाची वनस्पती ग्रीक-रोमनांनी इतकी वापरली, की ती नाहीशीच झाली. आपल्या काळात तिचा एकच देठ सापडला आणि तो नीरो बादशहाला पाठवण्यात आला, असे प्लिनी लिहितो. मग रोमन स्वयंपाकघरांनी पार्थियाकडून येणाऱ्या चिकावर, म्हणजे हिंगावर, भूक भागवली. पुढे ही चव युरोपातून लोपली आणि तिची ओळखही. जर्मन भाषेत तर हिंगाला ‘सैतानाची विष्ठा’ असे नाव पडले.

या दोन दृष्टींची गाठ पडते ती गोव्यात. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याने भारतीय औषधींवर लिहिलेला संवादग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. त्यात हिंगाची एक कथा आहे. विजयनगरात एका पोर्तुगीजाजवळ एक उमदा घोडा होता. पण त्याला पोटातील वायूचा त्रास असल्यामुळे राजा तो विकत घेईना. पोर्तुगीजाने हिंग चारून घोडा बरा केला. राजाने घोडा घेतला आणि उपाय विचारला. हिंगाचे नाव ऐकताच तो म्हणाला, यात नवल ते काय, तू त्याला देवांचे अन्न दिलेस! त्यावर पोर्तुगीज हळूच पुटपुटला की सैतानांचे म्हटले असते तर अधिक शोभले असते. एकच खडा, एकच वास. एकाला देव आठवतो, दुसऱ्याला सैतान. शुद्ध आणि अशुद्ध या कल्पना पदार्थात किती आणि खाणाऱ्यात किती, याचे याहून नेमके उदाहरण क्वचितच सापडेल. ज्या ऑर्ताने हा विनोद टिपला, त्याचे पूर्वज ज्यू होते. त्याच्या मृत्यूनंतर, १५८० मध्ये, गोव्याच्या धर्मन्यायालयाने त्याच्या अस्थी उकरून जाळल्या. शुद्धतेचा आग्रह कुठवर जातो, हे सांगायला याहून अधिक काही नको.

आपलेही शुद्धतेचे हिशेब गमतीदार आहेत. कांदा-लसूण वर्ज्य मानणाऱ्या घरांत त्यांची उणीव हिंग भरून काढतो. म्हणजे अत्यंत सोवळ्या स्वयंपाकाची चव अफगाण आणि इराणी मेंढपाळांच्या भूमीवर अवलंबून असते. उलट चरकाला ठाऊक असलेला हिंग आपल्या एकादशीला सहसा चालत नाही. पण कोलंबसानंतर अमेरिकेतून आलेले बटाटा, शेंगदाणे आणि मिरची खुशाल चालतात. परंपरा जन्मदाखला पाहत नाही, सवय पाहते.

१५ ऑक्टोबर २०२० रोजी पालमपूरच्या हिमालय जैवसंपदा तंत्रज्ञान संस्थेने लाहौलमधील क्वारिंग गावात हिंगाचे रोप लावले. तोवर भारत दरवर्षी सुमारे १,२०० टन कच्चा हिंग आयात करीत होता आणि त्यासाठी सुमारे ६०० कोटी रुपये मोजत होता, असे तेव्हा सांगण्यात आले. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल तालिबानच्या हाती गेले आणि व्यापार काही काळ अडखळला. हिमालयातील शेतकऱ्याला नवे पीक मिळत असेल तर त्याचे स्वागतच करायला हवे. पण ‘आता हिंग आपला होणार’ असे कुणी म्हटले, तर थोडे थांबावे. दीड-दोन हजार वर्षे जो आपल्या औषधांत, ताटात आणि वाक्प्रचारांत आहे, तो आपला नव्हता काय? एखादी गोष्ट आपली होण्यासाठी ती आपल्या मातीत उगवावीच लागते असे नाही. ती रोज वापरावी लागते. आणि वापरताना, ती ज्यांच्या हातून आली त्यांची अधूनमधून विचारपूस करावी लागते. हिंग लावून किंवा न लावता.