कांद्याचे पापुद्रे आणि एका यंत्रातले जाळे

इंटरनेटवर ओळख लपवणारा म्हणजे गुन्हेगार, असा समज आहे. इतिहास वेगळे सांगतो. १९९०च्या दशकाच्या मध्यात अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत डेव्हिड गोल्डश्लॅग, मायकल रीड आणि पॉल सिव्हरसन यांनी 'अनियन राउटिंग' मांडले. संदेशावर कांद्यासारखे पापुद्रे चढवायचे आणि वाटेतल्या प्रत्येक संगणकाने एकच पापुद्रा काढायचा. त्याला फक्त मागचा आणि पुढचा थांबा कळतो, पूर्ण वाट कळत नाही.

१९९६चा पहिला नमुना पाच थांब्यांचा होता आणि पाचही एकाच यंत्रावर! त्यात गुप्तता नव्हती, कारण यंत्राच्या मालकाला सगळेच दिसत होते. पण शिकायला तो पुरेसा होता. पुढे २००२ मध्ये रॉजर डिंगलडाइन व निक मॅथ्युसन यांच्या साथीने 'टॉर' आले. पत्रकार आणि हुकूमशाहीत जगणारे नागरिक त्याच्या भरवशावर बोलू लागले.

मग प्रश्न उभा राहिला: या जाळ्याचा अभ्यास कुठे करायचा? ३० जानेवारी २०१४ रोजी ११५ संशयास्पद थांबे टॉरमध्ये शिरले. ४ जुलैला ते सापडले आणि हटवले गेले. तोवर पाच महिने गुप्त सेवा वापरणाऱ्यांची ओळख उघडी पाडण्याचा प्रयत्न चालला होता. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या एका संस्थेचे हे संशोधन होते आणि माहिती पुढे पोलिसांकडे गेली, हे २०१६ मध्ये न्यायालयात स्पष्ट झाले. या प्रयोगासाठी वापरकर्त्यांची परवानगी कुणी घेतली होती?

यावरचा सरळ उपाय पुन्हा १९९६कडे नेतो. २०१३ मध्ये आलेल्या 'डॉकर'मुळे एका संगणकात अनेक कंटेनर, म्हणजे जणू वेगवेगळ्या खोल्या, सहज उभारता येतात. काही खोल्यांत थांब्यांची यादी ठरवणारे सर्व्हर, काहींत थांबे, काहींत वापरकर्ते. टॉरमध्ये अशा चाचणी-जाळ्यासाठी खास सेटिंग आहे. मग प्रत्येक खोलीची नोंदवही वाचा, वेग मोजा, एखादा थांबा मुद्दाम बंद पाडून काय होते ते पाहा.

अर्थात खरी गर्दी आणि खरे अंतर तिथे नसते, म्हणून निष्कर्ष जपून काढावेत. पण नजर ठेवण्याचे हे काम तिथे अभ्यास ठरते, कारण येणारीजाणारी माहिती आपलीच असते. जिवंत जाळ्यात तीच नजर लोकांच्या अमानतीत खयानत ठरते. आपल्या विद्यार्थ्यांना संगणकाबरोबर हा फरकही शिकवायला हवा.